भिंतींचे ज्योतिषी

रामदासनाना कोणाच्याही घरी आले की दारात चपला काढतात, 'पानी नको' म्हणतात आणि थेट स्वयंपाकघरात घुसतात. आत बाईमाणूस काय करतंय, ओट्यावर काय पसारा पडलाय, याची त्यांना फिकीर नसते. भिंतीपाशी जाऊन अंगठ्याच्या नखाने ते रंगाचा टवका उडवतात, खालचा जुना थर बघतात आणि मान डोलवत बाहेर येतात. मग घरमालकाचा स्वभाव सांगतात. कोणी विचारलेलं नसतं.

मला या माणसाचा मनस्वी राग येतो, हे आधीच सांगून टाकते.

नाना मूळचे धुळ्याकडचे. उभी नोकरी भुसावळला रेल्वेत गेली, सारा संसार क्वार्टरमध्ये झाला. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या जळगावच्या गल्लीत घर बांधलं. बायको तोवर गेली होती. मुलगी सुरतेला दिलेली. म्हणजे वेळच वेळ, आणि तो सगळा आमच्या भिंतींवर खर्च होतो.

"भिंत बोलस, ताई," हे त्यांचं पालुपद. काय बोलते? तर कोपऱ्यावरच्या कापडवाल्या शेठजींच्या घरी पिस्ता रंग आहे, म्हणजे माणूस दुसऱ्याच्या पंगतीत आग्रह करणारा आणि स्वतःच्या घरी अर्धा कप चहा देणारा. वकिलांचा हॉल पांढराशुभ्र, म्हणजे मनात बरंच काही दडलेलं. जोशीबाईंच्या घरी गुलाबी, म्हणजे तिथे मिशा कोणालाही असोत, हुकूम बाईंचाच. आता हे शेवटचं खरं आहे. पण खरं असलं म्हणून काय झालं, ते जोशींच्या तोंडावर सांगायचं असतं का?

एकदा मी स्पष्ट विचारलं, "नाना, टवका कशाला उडवता? वरून दिसत नाही का?"

"वरला रंग लोकेसाठे ऱ्हास," ते म्हणाले. "खरा मानूस खाल ऱ्हास."

आणि त्या खालच्या माणसावर पुन्हा लांबी भरून रंग लावायचा कोणी? आम्ही!

गेल्या महिन्यात मात्र कडेलोट झाला. आम्ही घर रंगवून घेतलं. यजमानांना नेहमीचा क्रीम हवा होता. मी हट्टाला पेटले आणि फिका राखाडी लावला. रंगारी म्हणाला, सध्या याचीच फॅशन आहे. हौसेने सत्यनारायण घातला, सगळी गल्ली बोलावली. हॉल भरलेला, प्रत्येकाच्या हातात प्रसादाचा द्रोण. नाना स्वयंपाकघरातून नख पुसत बाहेर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हाऊ रंग कोना शे, सांगू? ज्यानी जलममा कोनाकडे चहा मागीसन पिधा नही."

म्हणजे मी ताठ, शिष्ट! सगळे हसले. यजमान सगळ्यांत मोठ्याने हसले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी उठल्याबरोबर पदर खोचला आणि नानांच्या घरी गेले. आजवर या माणसाने आम्हाला स्वतःच्या घरात ओसरीच्या पुढे घेतलं नव्हतं. म्हटलं, आज यांच्याही भिंती बघते.

दार उघडंच होतं. मी त्यांच्याच पद्धतीने सरळ स्वयंपाकघरात गेले.

तिथे रंगच नव्हता. नुसतं सिमेंट, आणि त्यावर हातभर रुंदीचे पट्टे. कच्च्या केळीचा हिरवा, मोरपंखी, अबोली, लिंबाचा पिवळा, शेवाळी, डाळिंबी. खाली रंगाच्या छोट्या डब्यांची रांग. नाना स्टुलावर बसून एका पट्ट्याकडे बघत होते. मला पाहून दचकले.

"तुम्ही आमच्या भिंती नासवता," मी म्हणाले, "आणि स्वतःच्या घराला साधा रंग लावत नाही?"

"लावना शे," ते म्हणाले. "पन तिना रंग सापडत नही."

तिचा म्हणजे त्यांच्या बायकोचा, सुमनअक्कांचा. क्वार्टरला साहेबांच्या हुकमाचा पिवळा रंग यायचा, जन्मभर तोच. घर बांधायचं ठरलं तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, घर तुमच्या मनासारखं बांधा, स्वयंपाकघराचा रंग तेवढा माझा. आणि कोणता ते सांगितलंही होतं.

"मी डूटीवर जायाना गडबडमा व्हतू. हां म्हनं नि निंघनू. सांगताना ती हासनी व्हती, तेवढं याद शे. रंग याद नही." नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पोरले इचारं, तिलेबी माहीत नही. मंग मी मनमा म्हनं, कोना तरी चुलापासला दिसना तर याद येई."

म्हणून हा माणूस गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात घुसत होता, जुने थरसुद्धा उकरून बघत होता. स्वभाव वगैरे बाहेर आल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून. मी भांडायला आले होते, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "अक्कांच्या साड्या आहेत का? बाईची रंगाची आवड साडीत कळते. काढा सगळ्या."

नाना लगबगीने उठले. इतक्या घाईने मी त्यांना कधी हलताना पाहिलं नव्हतं. कपाटातल्या साड्या त्यांनी सतरंजीवर आणून ठेवल्या. मी एकेक उचलून विचारू लागले, ते सांगू लागले. ही पाचोऱ्याच्या मामांनी दिलेली. ही शेजारणीच्या मुलीच्या लग्नातली. ही जामनेरच्या व्याह्यांकडची, ही त्यांच्या बहिणीने भाऊबीजेला आणलेली. साडी देणाऱ्याचं नाव त्यांना प्रत्येक वेळी पाठ होतं. करडी, तपकिरी, जांभळी, कसलीही. कोणाच्या तरी आहेरात आलेली.

"तुम्ही घेतलेली कुठली?"

"आहेरन्या इतल्या येत, ताई. मंग इकत कसाले लेवानी?"

आता मात्र मला खरा संताप आला. त्या बाईला मी कधी पाहिलंही नव्हतं, पण तिच्यासाठी आला. सरकारी भिंतीत राहिली आणि लोकांच्या पसंतीच्या साड्या नेसली. एकदाच काहीतरी मागितलं, तेही हसून.

"नाना," मी आवाज चढवूनच म्हणाले, "यात अक्कांनी स्वतः दुकानात जाऊन, स्वतः पसंत केलेली एक तरी साडी दाखवा."

नानांनी ढिगावरून हात फिरवला. मग उठले, कपाटापाशी गेले, आणि रिकाम्या फळीवर पार मागच्या भिंतीपर्यंत हात घालून चाचपडत राहिले.