हसला तो समाधानी

मोठ्या इस्पितळाची लिफ्ट बंद पडली, तेव्हा सर्व संबंधितांनी परिस्थितीची गंभीर दखल घेतली. दखल घेऊन झाल्यावर जो तो आपापल्या कामाला लागला. लिफ्टच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी लागली. काम चालू नव्हतं, एवढं सोडलं तर पाटीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशन थिएटर चौथ्या मजल्यावर. तेव्हा पेशंटला चादरीच्या झोळीत घालायचं, चार वॉर्डबॉयनी चार कोपरे धरायचे आणि जिना चढायचा, अशी पर्यायी व्यवस्था करण्यात आली. खाली एक दुखणं घेऊन आलेला माणूस वर पोचेपर्यंत आणखी दोन-तीन दुखण्यांचा धनी व्हायचा.

याच इस्पितळातल्या एका नर्सचा नवरा म्हणजे आपले चिमटेराव. रेडिओवर रोज सकाळी 'चिमटा' नावाचा विनोदी कार्यक्रम करायचे, म्हणून हे नाव. खरं नाव एकट्या आईच्या लक्षात राहिलं होतं. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केल्याबद्दल त्यांची उमेदीची वर्षं वर्गाबाहेर उभं राहण्यात गेली. तिथं येणारा-जाणारा त्यांना बघून हसायचा. त्यावरून पोराला वाटलं, आपला जन्मच यासाठी आहे. पुढं गॅदरिंग झालं, नाट्यगृहं झाली, मग रेडिओ मिळाला आणि रेडिओ मिळाल्याबरोबर त्यांना समाजाची काळजी वाटायला लागली. माईकसमोर बसणाऱ्याला हा आजार जडतोच. नळाला पाणी नाही, काढला चिमटा! रस्त्यात खड्डे, काढला चिमटा! अख्खं शहर पोट धरून हसायचं. आपल्यामुळं सत्ताधाऱ्यांची झोप उडते, याबद्दल चिमटेरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एक दिवस बायको ड्यूटीवरून आली ती तणतणतच.

"अहो, सगळ्या जगाला चिमटे काढता ना? मग एक आमच्या त्या लिफ्टलाही काढा. पुढच्या महिन्यात आईंच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. त्यांनाही झोळीतून न्यायचंय का?"

"मला काय धाड भरलीये? मी जाईन चालत," आई कॉटवरून म्हणाली. तिला कॉटवरून बाथरूमपर्यंत जायला दोघांचा आधार लागायचा.

चिमटेराव पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गंभीर आवाजात निवेदन केलं. "आमच्या इस्पितळातली लिफ्ट सध्या आयसीयूत आहे. प्रकृती स्थिर आहे, म्हणजे वरही जात नाही आणि खालीही येत नाही. भेटायला जरूर जा. फक्त आयसीयू चौथ्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट बंद आहे."

काय सांगू! शहर लोळलं. सलूनमध्ये गालाला साबण लागलेली माणसं हसली, बँकेत रांगा हसल्या. लोक खास वेळ काढून इस्पितळात यायचे, बंद लिफ्टच्या दाराला कान लावून फोटो काढायचे आणि घरी जायचे.

आता साहेबांची तंतरली असणार, या खात्रीनं चिमटेराव पालिकेच्या तक्रार निवारण कार्यालयात गेले. निवारण अधिकारी खुर्चीतून उठून पुढं आले.

"या, या! अहो, आमचं सगळं ऑफिस तुमचं फॅन आहे. चहा घेणार ना?"

"लिफ्ट कधी सुरू होणार?"

"ती होय? तिची फाईल मिटली की!"

"मिटली? पण लिफ्ट तर बंदच आहे."

"लिफ्ट बंद आहे हो, पण तक्रारही बंद झाली." साहेब समजावणीच्या सुरात आले. "आधी रोज माणसं यायची, टेबलावर हात आपटायची. तुमचा कार्यक्रम लागला आणि दुसऱ्या दिवसापासून एक माणूस फिरकला नाही. तक्रारदार समाधानी असल्यास तक्रार निकाली काढावी, असा नियमच आहे. आणि हसणारा माणूस समाधानी नाही तर काय?"

"अहो, ते लिफ्टवर हसत होते!"

"मग लिफ्टबाबत समाधानी. पाण्याबाबतही तसंच झालं, खड्ड्यांबाबतही तसंच. इतकी वर्षं हे खातं तुमच्या जिवावर चाललंय, चिमटेराव. तुम्हाला मानद निवारक नेमावं, असा प्रस्ताव मी वर पाठवलाय."

घरी परतताना चिमटेराव एका खड्ड्यात पडले. खड्डा ओळखीचा होता, त्याच्यावरचा भाग तर फार गाजला होता. चिखलात बसल्या बसल्या त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, आईच्या जिवाची भीती वाटली.

दुसऱ्या सकाळी ते माईकसमोर बसले आणि सरळ बोलले. "आज विनोद नाही. लिफ्ट बंद आहे, माणसांचे हाल होतायत. माझ्या आईचं ऑपरेशन आहे. हात जोडतो, कृपा करून तक्रार करा."

काचेपलीकडून स्टेशनचे डायरेक्टर डोळे पुसत धावत आले. "काय टायमिंग आहे राव तुमचं! चेहरा एकदम सरळ!"

"साहेब, रेडिओवर चेहरा कुठं दिसतो?"

"बघा! बघा! थांबतच नाहीत!" डायरेक्टरांनी पुन्हा डोळे पुसले. 'हात जोडतो' हे वाक्य संध्याकाळपर्यंत शहरभर झालं. लोक एकमेकांना हात जोडून हसत होते.

मग चिमटेरावांनी शेवटचा उपाय काढला. लिफ्टच्या दारासमोर उपोषणाला बसले. कार्यालयानं तत्परतेनं खुर्च्या मांडल्या, गैरसोय होऊ नये म्हणून पंखा लावला, कडेला चहावाल्याला परवानगी दिली. उपाशी माणूस आता काहीतरी भारी बोलणार, म्हणून गर्दी उसळली आणि जिन्याच्या तोंडाशी तुंबली. अखेर बायको युनिफॉर्ममध्येच आली.

"उठा! उठा आधी इथून! तुमच्या या तमाशापायी झोळी पुढं जात नाहीये, आत बाई विव्हळतीये."

ते उठले. 'उपोषण खेळीमेळीच्या वातावरणात पार पडले,' अशी नोंद झाली.

आणि ऑपरेशनचा दिवस उजाडला. पुढे ढकलायची सोय नव्हती, डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. एक वॉर्डबॉय रजेवर होता, म्हणून झोळीचा चौथा कोपरा चिमटेरावांनी धरला. बायको वाट काढत पुढं झाली. पहिला मजला निभावला. दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर इतर पेशंटचे नातेवाईक बसले होते. त्यातल्या एकानं मान वर केली.

"अरे, चिमटेराव! नवीन भाग चाललाय!"

भराभर मोबाईल निघाले. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकली, खालची वर चढली. पुढंही जाता येईना नि मागंही. झोळी एका अंगाला कलली तशी आई कळवळली आणि तिनं मुलाचं मनगट घट्ट धरलं. "हळू रे बाळा." त्या 'बाळा'वर पहिला हशा आला.

"बाजूला व्हा," चिमटेराव ओरडले. त्यांचा आवाज फुटला होता. "माझी आई आहे ही!"

इतका मोठा हशा त्यांना उभ्या कारकिर्दीत मिळाला नव्हता. जिना वरपासून खालपर्यंत दणाणला. बायको एकेकाला ढकलत होती आणि लोक तिला म्हणत होते, "वहिनी, तुम्हीही छान करता हं!" चिमटेरावांना डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

झोळीतून आईनं सगळीकडं नजर फिरवली. ती रेडिओ कधीच ऐकत नसे, ऐकू कमी यायचं. तिला बिचारीला खरंच कळेना.

"इतकी माणसं उभी आहेत," ती म्हणाली, "मग हात का लावत नाही रे कुणी?"

तुम्ही म्हणाल, आम्ही काही त्या जिन्यात नव्हतो. बरोबर आहे तुमचं. दुसऱ्या मजल्यापर्यंत हसत हसत चढून मात्र आलात, आणि हात तुमचे मोकळेच होते.