पांढऱ्या रेघेपलीकडचा केर

स्वच्छता एकट्याने साधत नाही. तिला शेजारी लागतो. आमच्या नगराला हे फार पूर्वीच उमगले होते, म्हणून स्वच्छ नगराची ढाल दरवर्षी आमच्याकडेच यायची. (ढाली ठेवायला नगरपालिकेत जागा उरली नाही तेव्हा दवाखान्याची एक खोली रिकामी केली. रुग्णांनी समजून घेतले.)

पद्धत साधी होती. नगर आणि शेजारचे शहर यांच्यामध्ये एक रस्ता, रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ. सकाळी आमचे मुकादम जातीने उभे राहून सगळा केर रेघेपलीकडे लोटून घेत. संध्याकाळी शहराचे लोक तोच केर, थोडी भर घालून, परत पाठवीत. इतके नियमित येणे-जाणे सख्ख्या भावांतही नसते.

मग सरकारने आमचे नगर शहरात विलीन केले. भाषणे झाली, पाट्या बदलल्या, नगराध्यक्ष सहायक उपसल्लागार झाले. दुसऱ्या दिवशी मुकादम रेघेवर येऊन थबकले. त्यांची बायको दूध घेऊन येत होती.

"अहो, मधोमध काय उभे राहिलात? गाडीखाली याल!"

"अगं, लोटू कुठे? पलीकडचंही आपलंच झालंय."

मुकादमांची निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांच्या कारकिर्दीत ढाल एकदाही हुकली नव्हती. शेवटची मिळवूनच घरी बसायचे, एवढीच त्यांची इच्छा. पण आमचे नगर आता शहराचा एक प्रभाग होते, आणि ढाल सर्वांत स्वच्छ प्रभागाला मिळणार होती.

पालिकेतल्या साहेबांनी तोडगा काढला: प्रभागाभोवती रेघ मारा. इतर प्रभागांनीही मारली. मग गल्लीगल्लीला रेघ आली, पुढे इमारतीला, शेवटी घराला. एका पाहणीनुसार नव्वद टक्के नागरिक आपला केर शेजाऱ्याकडे लोटत. उरलेले दहा टक्के शेजाऱ्याचा केर त्याच्या पुढच्याकडे. शहरात केर कुठेच राहीना. तो कायम प्रवासात असे.

ढालीच्या तपासणीच्या सकाळी हा केर फिरत फिरत मुकादमांच्या दारात आला. शेजारचे घर त्यांच्या थोरल्या वहिनीचे. ती एकटी, गुडघ्यांनी अधू. मुकादम केरसुणी धरून नुसतेच उभे राहिले.

"भावोजी, लोटा की इकडे," वहिनी दारातून म्हणाली. "मी बघते काय ते. तुमची ढाल जाईल ना!"

"जाऊ दे, वहिनी. तुम्हाला कुठे वाकता येतंय!"

असे म्हणून मुकादम खाली बसले आणि केर टोपलीत भरू लागले. तेवढ्यात तपासनीस आले. अख्ख्या प्रभागात केर आढळला तो एकाच घरापुढे, आणि मुकादम त्याच्यासकट रंगेहाथ सापडले. ढाल दुसऱ्या प्रभागाला गेली.

मला मुकादमांचे फार वाईट वाटले. गल्लीचे मत मात्र स्पष्ट होते: माणूस चांगला, पण उतारवयात काम विसरला. निरोप समारंभ रद्द झाला.

वाचकांना हसू येईल. जरूर हसावे. फक्त आज सकाळी दारापुढचे झाडताना आपली केरसुणी कोणाच्या दाराकडे वळली, तेवढे आठवून मग हसावे.