अण्णांचा सोळावा आणा

आमच्या शेजारच्या अण्णांना लग्नाचं आवतण द्या, म्हणणार, "चौदा आणे येतो!" येणार तर सगळ्यांच्या आधी, आणि जैन माणूस म्हणून दिवस मावळायच्या आत जेवूनही मोकळे. पण सोळा आणे, म्हणजे अगदी नक्की, असा शब्द त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ! पाऊस दहा आणे, गाडी वेळेवर चार आणे, आणि स्वराज्य? "पंधरा." त्या एका आण्यावरून निपाणीच्या पेठेत भांडणं व्हायची.

अण्णा कोल्हापुरात गणित घेऊन बीए झाले आणि वडिलांच्या तंबाखूच्या वखारीत येऊन बसले. तंबाखूला कधी तोंड लावलं नाही, नाक मात्र लावलं. बाकीचे व्यापारी बोदाच्या, म्हणजे तंबाखूच्या त्या अगडबंब पोत्याच्या, तोंडचा मूठभर माल बघून भाव बोलायचे. विकणारा काय खुळा आहे? झक्क पान वर, चुरा तळाला! अण्णा डोळ्यांना उपरणं बांधून वखारभर फिरत, हाताला लागेल त्या बोदात खांद्यापर्यंत हात घालत आणि शिंकत शिंकत ओरडत, "नमुना आंधळ्यानं काढावा रं! डोळस मानूस सोयीचंच बघतो." पेठ पोट धरून हसायची. आणि फसायचीही पेठच.

मी पुण्याला इंजिनिअरिंगला होतो आणि संभाव्यतेच्या पेपरात सपशेल आपटलो. वडील म्हणाले, "पुन्हा नापास झालास तर शिक्षण बंद. दुकानात बसायचं." मला पूल बांधायचे होते हो! दुकानाच्या नुसत्या विचारानं रडू यायचं. आईनं मला अण्णांकडे धाडलं.

"पुस्तक मिट," म्हणत त्यांनी उपरणं माझ्याच डोळ्यांना बांधलं. सुट्टीभर मी बोद उपसले. एका मुठीवर विसंबलो की फसायचो. ठिकठिकाणच्या मुठी काढून सरासरी धरली की मालाचा अंदाज बरोबर यायचा. अंगाला असा वास मारायचा की आई मला पडवीतच वाढायची. एक दिवस पुस्तकातली गणितं पटापट सुटली आणि मी उडीच मारली.

"कळलं व्हय?"

"सोळा आणे, अण्णा!"

त्यांचा चेहरा पडला. "तसं म्हनू नगंस," एवढंच म्हणाले.

परीक्षा झाली आणि पुण्याहून मित्राची तार आली. पास! त्या पेपरात तर वर्गात पहिला! वडिलांनी स्वतः पेढे आणले. आई मात्र शांत. "मला ठाऊकच होतं. तू परीक्षेला गेलास तेव्हा अण्णा म्हणाले, 'सोळा आणे पास हुतोय, वैनी.'"

मी गारच पडलो. मग आईनं सांगितलं, अण्णांची बायको, आमच्या काकू, तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा अण्णा उशाशी बसून म्हणाले होते, "सोळा आणे बरी हुशील." काकू गेल्या. तेव्हापासून ते पंधराच्या वर चढले नव्हते.

मी वखारीकडे धूम ठोकली. अण्णा डोळे बांधून बोदात हात घालून उभे.

"अण्णा, पहिला आलो!"

"वरडू नगंस. पाऊल वाजलं तवाच कळलं." उपरणं न सोडताच त्यांनी मला घट्ट कवटाळलं, तंबाखूसकट. आम्ही दोघंही शिंकत, हसत सुटलो. मग एकदम म्हणाले, "पूल बांधशील, त्यो पडनार न्हाय न्हवं?"

त्यांच्याच ऐटीत मी म्हणालो, "पंधरा आणे, अण्णा!"

पाठीत धपाटा बसला. "गाढवा! पुलाला सोळा! मानसं जात्यात त्येच्यावरनं."