तोरमोडच्या छताला टांगलेला मासा

तोरमोडचा मासा कधी चुकत नाही, हे लोफोतेन बेटांवरच्या त्या बंदरात कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. कारण तोरमोड ते कुत्र्यांनासुद्धा सांगायचा!

मासा म्हणजे समुद्राच्या तळाशी चरणारा कॉड. डोक्यावर मुकुटासारखं टेंगूळ, म्हणून राजा. वाळवून स्वयंपाकघराच्या छताला दोऱ्यानं टांगलेला. तोंड खिडकीकडे असलं की उघडीप, दाराकडे वळलं की वादळ.

जूनमध्ये नातीचं, राग्नाचं लग्न निघालं. तोरमोडनं जाहीर केलं, "जेवण धक्क्यावर, उघड्यावर. राजा खिडकीकडे बघतोय."

मेव्हणा आस्ब्योर्न म्हणाला, "दाजी, रेडिओ वादळ सांगतोय. माझी होड्यांची शेड रिकामी आहे."

"तुझ्या रेडिओला मुकुट आहे का?"

"आणि मासा चुकला तर?"

"तर भिजत घालून खाईन. तुझ्यासमोर."

राग्ना कुरकुरली, "आजोबा, लग्न माझं आहे, माशाचं नाही." पण तोरमोडनं टेबलं मांडलीसुद्धा.

सूप वाढलं आणि वारा सुटला. आधी टेबलावरची कापडं उडाली, ती थेट मासे वाळवायच्या मांडवावर जाऊन फडफडू लागली. मग साईचा केक उठला आणि पाद्रीबुवांच्या छातीवर बसला. विहीणबाईंची टोपी धरायला व्याही धावले, ते टोपीसकट पाण्यात! पाऊस तर बादलीनं ओतल्यासारखा. शेवटी नवरीसकट सगळं वऱ्हाड आस्ब्योर्नच्या शेडमध्ये, डांबराच्या वासात बसलं.

तोरमोड घरी धावला. राजा अजून खिडकीकडेच बघत होता.

"योरुन," तो बायकोला म्हणाला, "मासा बिघडला गं."

मागोमाग आलेली योरुन ओला झगा पिळत होती. "मासा ठणठणीत आहे. बरा झालाय तो माझा गुडघा."

"गुडघ्याचा काय संबंध?"

"गुडघा ठणकतोय, समुद्रावर जाऊ नकोस, असं म्हटलं की तू हसायचास. माशाचं मात्र ऐकायचास. मग जळमटं काढता काढता मी त्याला झाडूनं दाराकडे वळवायची. एप्रिलात डॉक्टरांनी नवा गुडघा बसवला. आता काही ठणकत नाही."

तोरमोडनं तिच्या दुसऱ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग आशेनं म्हणाला, "दुसरा गुडघा जुनाच आहे ना?"

"आहे. पण त्याला हवामानातलं काही कळत नाही."

इतक्यात दार ढकलून आस्ब्योर्न आत आला. हातात पाण्यानं भरलेलं घमेलं.

"दाजी," तो म्हणाला, "मुकुट काढून भिजवायचा की मुकुटासकट?"