मोटेवरची हेझलबाई

सुपडूभाऊंच्या बैलांना मराठी चालत नसे. म्हणजे एरवी ते मराठी ऐकत, चारा खायला मराठीतच येत. पण एकदा मोटेला जुंपले की त्यांना इंग्रजी गाणं लागे. भाऊ मोटेच्या दोरावर, म्हणजे नाड्यावर, बसून गाणं सुरू करत, मग बैल पाऊल उचलत. गाणं थांबलं की बैल थांबत आणि मान वळवून मागे बघत.

एकदा भाऊंनी ही जोडी नशिराबादच्या एका शेतकऱ्याला विकली. आठव्या दिवशी तो माणूस सावद्याला भाऊंच्या दारात हजर. बैल धावेवर, मोटेच्या उतारावर, नुसते उभे राहतात म्हणाला. भाऊंनी त्याला ओट्यावर बसवून तीन दिवस इंग्रजी गाणं शिकवलं. चौथ्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, की बैल परत घ्या, पण हे गाणं आवरा. भाऊंनी जोडी परत घेतली आणि पुन्हा कधी विकली नाही.

मी मूळचा सोनगीरचा. सावद्याच्या हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो आणि भाऊंच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी केळीच्या बागेकडून इंग्रजी गाण्याचे सूर आले, तेव्हा मी चांगला कोट घालून बाहेर पडलो. एखादा साहेब तपासणीला आला असेल तर आपण गबाळे दिसायला नको. विहिरीवर पाहतो तो धोतराचा काचा मारलेला, डोक्याला टापसा बांधलेला एक गडी नाड्यावर बसून विलायती प्रेमगीत गातोय. उच्चार सगळे बरोबर, अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही, असा माझा तेव्हा समज झाला.

ही गाणी हेझलबाईंची. हेझलबाई विलायतेतली गाणारी. भाऊ केळीचे घड वॅगनमध्ये भरायला नेहमी भुसावळला जात, तिथे डिकसाहेब नावाच्या इंजिन ड्रायव्हरशी त्यांची गट्टी जमली. साहेबाच्या घरी चावीचा फोनो होता आणि हेझलबाईंच्या सात तबकड्या होत्या. भाऊ केळ्याची फणी घेऊन जायचे आणि गाणं घेऊन यायचे. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी साहेब बिऱ्हाड आवरून विलायतेला गेला. जाताना फोनो आणि तबकड्या भाऊंच्या हवाली केल्या आणि बाईंची खुशाली कळवत जाईन असं कबूल केलं. साहेबाने शब्द पाळला. वर्षातून दोनदा पत्र येई, सोबत वर्तमानपत्रातली कात्रणं असत, आणि ती वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अशा रीतीने हेझलबाईंची सगळी कारकीर्द सावद्याच्या ओट्यावर माझ्या तोंडून पार पडली. सुरुवातीला बाई एका हॉटेलात, जेवणाऱ्या लोकांपुढे गात. ते भाऊंना मुळीच आवडलं नाही. लोक तोंडात घास घेऊन कसली दाद देणार, असं त्यांचं म्हणणं. मग बाई रेडिओवर आल्या. मग लंडनच्या एका मोठ्या थिएटरात ओळीने सहा आठवडे गायल्या, ते पत्र वाचलं त्या दिवशी भाऊंनी आळीत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगत, बाई पास झाल्या. पुढे बाईंचा घसा बसला आणि डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, तेव्हा भाऊंनी ज्येष्ठमधाचं पार्सल करून साहेबाच्या पत्त्यावर पाठवायला लावलं. ते पोचलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या पत्रात बाई खडखडीत बऱ्या झाल्या होत्या. यात योगायोग मानायला भाऊ तयार नव्हते.

त्यांची मोजपट्टीच हेझलबाई होती. घड भरदार उतरला की "बाईसारखं काम" म्हणायचे. लग्नातला वाजंत्रीवाला बेसूर झाला की त्याच्याजवळ जाऊन गंभीरपणे विचारायचे, "बाईचा सूर कधी खाली पडेल पाह्यला का?" तो बिचारा कोणती बाई म्हणून इकडेतिकडे बघत राही. भाऊंचं मन विलायतेत अडकलंय, असं गावात सगळेच चेष्टेने म्हणत. मीही म्हणे. यमुनावहिनी, म्हणजे भाऊंची बायको, ते ऐकून पदराआड हसायच्या. नवऱ्याने दुसऱ्या बाईचं एवढं कौतुक करावं आणि हिने हसावं, याचं मला नवल वाटायचं.

आता त्या घराची एक रीत सांगायला हवी. भाऊंचे वडील आबा, माळकरी आणि कडक. त्यांच्या देखत मुलाने सुनेशी बोलायचं नाही. भाऊंना पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे बघून "पानी पाह्यजे" म्हणत. भिंत काही बोलत नसे, पण पाणी येई. इतक्या वर्षांच्या संसारात भाऊ त्या भिंतीशी जितकं बोलले, तितकं यमुनावहिनींशी बोलले नसतील. कारण आबा घरात असत, नाहीतर शेतात असत, आणि ही दोघंही तिथेच असत.

इंग्रजी गाणं मात्र आबांना चालत असे. भाऊंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की हे साहेब लोकांचं देवाचं गाणं आहे. त्यावर आबा म्हणाले होते, देवाचं नसतं तर ही फोनोची पेटी विहिरीत टाकली असती. मग एकादशीच्या भजनातही हेझलबाई आल्या. भाऊ गात आणि कडवं संपलं की टाळकरी आपल्या मनाने "विठ्ठल विठ्ठल" जोडून देत. मी भिंतीला टेकून बसे आणि हसू आवरायला मिशा चावत राही.

त्या सात तबकड्यांतलं एक गाणं भाऊ फक्त दुपारी म्हणत. यमुनावहिनी भाकरीची टोपली घेऊन बांधावरून येताना दिसल्या की ते सुरू होई. आणि एरवी बांध न सोडणारे आबा नेमके तेव्हाच उठून बागेच्या पार दुसऱ्या टोकाला जात, ते गाणं संपल्यावर परत येत. म्हाताऱ्याला हे एक गाणं सोसत नसावं, असं मी धरून चाललो होतो. ती तबकडी मी एकदा लक्ष देऊन ऐकली. घर माणसांनी भरलंय, तुझ्याशी दोन शब्द बोलायची सोय नाही, म्हणून मी गातोय, म्हणजे मी कुठे आहे ते तुला कळेल, असा तिचा अर्थ. देवाबिवाचा काही संबंध नव्हता.

मी तसं भाऊंना डोळा मिचकावून म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"मास्तर, अर्थ मले माहीत आहे. साहेबाच्या मडमेनं सांगेल आहे," ते म्हणाले. "पन आबाले सांगू नका. पेटी गेली तरी चालीन, पन मंग गानं बंद होईन."

मी शब्द दिला. भाऊंचा जीव हेझलबाईत किती गुंतलाय याचा आणखी एक पुरावा मिळाला, असं मनाशी म्हणून मोकळा झालो. इंग्रजीचा मास्तर असूनही एवढंच कळलं मला.

पुढे एका वर्षी जळगावला शेतकी प्रदर्शन भरलं. पाण्याची इंजिनं येऊन मोटा बंद पडायला लागल्या होत्या, म्हणून मंडळींनी मोटेवरच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली. मैदानाच्या कडेला खरी विहीर, ज्याने त्याने आपले बैल आणायचे, दहा मोटा पाणी काढायचं आणि गायचं. आबांनी स्वतः भाऊंचं नाव दिलं. आम्ही सगळे गाडी जुंपून निघालो. आबा, भाऊ, वहिनी आणि मी. बैलांच्या शिंगांना गोंडे होते.

भाऊंची पाळी आली. नेमक्या त्या दुपारच्या गाण्याची पहिली ओळ निघाली आणि समितीचे अध्यक्ष हात वर करून उठले. हे शेतकऱ्याचं प्रदर्शन आहे, इथे मोटेवरचं आपलं गाणं म्हणा, असं त्यांनी बजावलं. भाऊंनी निमूटपणे एक जुनी ओवी सुरू केली. बैल हलले नाहीत. भाऊंनी आवाज चढवला, शेपट्या पिळल्या. बैलांनी मान वळवून भाऊंकडे बघितलं. लोक हसून लोटपोट झाले. भाऊ नाड्यावर घामाघूम होऊन बसले होते आणि माझी मान खाली गेली होती.

अध्यक्ष माणूस तसा भला होता. बैलांची अडचण त्यांच्या ध्यानात आली. ते म्हणाले, ठीक आहे, पण या गाण्यात आहे काय ते लोकांना कळू दे, मग परवानगी देतो. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, की हे इंग्रजीचे मास्तर. मी उभा राहिलो. समोर आबा काठीवर हनुवटी टेकून बसलेले. भाऊ माझ्याकडे डोळे लावून बसले होते. खोटं सांगावं तर अध्यक्षांना इंग्रजी येत असणार, आणि खरं सांगावं तर भाऊंचं गाणं आजपासून बंद. मी नुसता खोकत राहिलो.

तेवढ्यात आबा काठी टेकत उठले.

"मास्तरले कायले तरास देता," ते म्हणाले. "अर्थ मी सांगतो. ते गानं त्याच्या बायकोसाठी आहे."

बायकांच्या घोळक्यात यमुनावहिनींनी पदर इतका पुढे ओढला की फक्त हनुवटी दिसत होती.

"मले इंग्रजी येत नही," आबा म्हणाले, "पन सुनबाईचं तोंड मले वाचता येते. बारा वर्सं झाली. ती भाकर घेऊन निंघाली का हा गातो, अन् ती बांधावर हयू हयू, थांबत थांबत चालते. मी उठून जातो का नही, मास्तर?"

मी मान डोलावली. तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

"मंग म्हन आता," आबा मुलाला म्हणाले. "मोठ्यानं म्हन."

आणि सुपडूभाऊ गायले. अशी मोट मी आधी पाहिली नाही आणि नंतरही नाही. बैल धावेवरून उतरताना लांब सूर, विहिरीकाठच्या थारोळ्यात पाणी कोसळलं की आखूड ताना, आणि सगळं वहिनींकडे न बघता. चौथ्या मोटेला लोक ताल धरायला लागले, सातव्या मोटेला अध्यक्षांचा पाय हलायला लागला. दहावी मोट रिकामी झाली तेव्हा फेटे हवेत उडाले. पहिलं बक्षीस, पितळी घागर आणि मानाचा फेटा, भाऊंना मिळालं. आपला आणि मानाचा, असे दोन फेटे गुंडाळलेल्या अवस्थेत त्यांनी आधी मला गाठलं आणि साहेबाला पत्र टाका म्हणाले. मजकूर एकच, की बाईंना कळवा, जळगावात त्या पहिल्या आल्या.

दुपारी आम्ही लिंबाखाली भाकरी सोडली. भाऊंनी सवयीने झाडाच्या बुंध्याकडे तोंड केलं आणि "अजून ठेचा पाह्यजे" म्हणायला सुरुवात केली. आबांनी त्यांना थांबवलं.

"झाडाले कायले सांगतो? तिले सांग. मी आज कुठी उठून जानार नही."

भाऊंनी वहिनींकडे तोंड वळवलं. हजारभर माणसांपुढे गायलेल्या त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. ते बराच वेळ घासाशी खेळत बसले आणि शेवटी म्हणाले,

"ठेचा तिखट झाला आज."

"रोजच असतो," वहिनी म्हणाल्या. मान खाली होती, पण आवाज स्वच्छ होता.

संभाषण तिथेच संपलं. बारा वर्षांनंतर एवढंच, आणि तेही ठेच्याबद्दल. मला हसू आलं म्हणून मी आबांकडे पाहिलं, तर आबा हसत नव्हते. हातातली भाकरी तशीच धरून ते बैलांकडे बघत होते.

"मी तुह्या मायले एवढंबी कधी बोललो नही," ते मुलाला म्हणाले. "पानी पाह्यजे, एवढंच सांगत राह्यलो. तेबी भिंतीले."

मग यमुनावहिनी उठल्या. बक्षिसाच्या नव्या घागरीत त्यांनी विहिरीचं पाणी भरून आणलं होतं. त्यातलं तांब्याभर ओतून त्यांनी सासऱ्यापुढे धरलं, आणि आबांनी भिंतीकडे नाही, झाडाकडे नाही, तिच्याकडे बघून ते घेतलं.