चिमाजीनं पास केलेला सिनेमा

हिर्डोशीच्या शाळेत प्रेमाचा जुना सिनेमा दाखवायचा, तर आधी पालक समितीनं तो बघून पास करायला हवा ना! आणि समितीचा अध्यक्ष कोण, तर चिमाजी. त्याची रत्ना आठवीत, शाळा आठवीपर्यंतच. पुढं भोरच्या वसतिगृहात जायचं तर फॉर्मवर बापाची सही हवी, आणि हा सहीच करीना! "पोरी बिघडत्यात तितं," एवढंच म्हणायचा. म्हणून तर शाळेतल्या सुलक्षणाबाईंनी मुद्दाम हाच सिनेमा निवडला. त्यातला हट्टी बाप पोरीला मारतो, भलत्याशीच लग्न लावतो, ती विष पिते, मग बाप ऊर बडवून रडतो. ते बघून चिमाजी विरघळेल, असं बाईंना वाटलं.

समिती बसली. पाचव्याच मिनिटाला चिमाजी ओरडला, "थांबवा! ही हिरीवर त्येला पानी का पाजती?"

"तहान लागलीय त्याला."

"मग तांब्या घ्यावा की. हात कशाला लावतोय? काडा!"

विहीर गेली. मग चिठ्ठी गेली, जत्रा गेली, गजरा तर वासासकट गेला.

"अवो, येवढं गानं तरी ऱ्हाऊ द्या की," समितीतली साळूबाई म्हणाली.

"साळूबाई, वय काय आपलं!"

मग बापानं पोरीला पट्ट्यानं फोडून काढलं. बाईंनी विचारलं, "हे काढू ना?"

"ह्यात काय वंगाळ हाय? ऱ्हाऊ द्या."

विष राहिलं, चिता राहिली. बाप रडायला लागला तसा चिमाजी उठलाच. "बाप्या मानसानं पोरांम्होरं रडायचं? काडा ते!"

अडीच तासांचा सिनेमा, उरली अठरा मिनिटं!

शनिवारी सकाळी पोरं, पालक सगळे जमले. पडद्यावर पोरगी आली, मार खाल्ला, लग्न झालं, विष प्यायली, चितेवर गेली. संपलं. बारकी पोरं मुसमुसायला लागली.

रत्नानं सगळ्यांदेखत विचारलं, "आबा, तिनं केलं काय हुतं?"

"लई वंगाळ केलं हुतं."

"काय पर?"

आता कापलेलं सांगणार कोण? कापणाराच! "त्येला पानी पाजलं."

"आन्?"

"चिठ्ठी लिवली. जत्रंत फिरली. गजरा घेतला."

"आन्?"

चिमाजीनं समितीकडं बघितलं. साळूबाईसुद्धा दुसरीकडं बघायला लागली. "येवढंच."

"येवढ्यासाठी मारली?" रत्ना उभी राहिली. "म्या तर कुनाला पानीबी न्हाई पाजलं, आबा. तरी घरातच बसायचं?"

बाईंनी फॉर्म पुढं केला. चिमाजीनं इतकी हळू सही केली, की सगळ्यांना वाटलं मधेच पेन टाकतोय. मग बाप असल्याची आठवण होऊन गुरगुरला, "पर भोरात सिनेमा बघायचा न्हाई!"

"न्हाई बघनार, आबा," रत्ना म्हणाली.

आणि खरं सांगतो, ती हसली नाही. त्या अठरा मिनिटांनंतर कुणालाच हसू येईना.