एका तळमळीच्या सभासदाचं पत्र

इतिहास कसा लिहितात, हे मी यंदा दाखवूनच देणार होतो! सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सांभाळून एम.ए.ला बसलेल्या माणसाचा निर्धार तुम्हाला ठाऊक नाही. आमच्या गावच्या वाचनालयाच्या इतिहासावरचा माझा लघुप्रबंध मार्गदर्शक मॅडमनी दोनदा परत केला होता. तिसऱ्यांदा परत आला की नाव कटणार होतं.

"ऐकीव गोष्टी पुरे," मॅडमनी बजावलं. "त्या काळातले अस्सल कागद आणा. आणि ते पडताळून पाहा!"

अस्सल कागद? माझ्या सासऱ्यांकडे कपाटभर होते! ते त्याच वाचनालयाचे तीस वर्षं चिटणीस. दर शनिवारी दुपारी कार्यकारिणीची सभा आणि प्रत्येक सभेचं इतिवृत्त. नऊ जाडजूड वह्या मी वाचून काढल्या. केवढी शिस्त! तीस वर्षांत एक भांडण नाही. शिवाय पहिल्या वहीत अगदी सुरुवातीलाच एक पत्रही चिकटवलेलं होतं: 'सभा महिन्यातून एकदा न घेता दर शनिवारी घ्यावी. आपला, एक तळमळीचा सभासद.' मला तर भरून आलं!

पडताळणीसाठी मी जुन्या अध्यक्षांकडे गेलो.

"या सभेत आपण दीड तास भाषण केलंत."

"मी? अहो, त्या महिन्यात माझा जबडा तारेनं बांधलेला होता!"

उपाध्यक्षांनी वहीतली स्वतःची सही निरखली. "झकास आहे हो. मला इतकी चांगली कधी जमली नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. सगळ्या सह्या एकाच हातच्या होत्या!

शहाण्या माणसानं सासऱ्यांना हळूच बाजूला घेतलं असतं. पण मी पडलो संशोधक! सासूबाई आणि बायको समोर बसलेल्या असतानाच मी वही टेबलावर आपटली.

"बाबा, या सभा झाल्याच नाहीत! मग तीस वर्षं दर शनिवारी तुम्ही होतात कुठे?"

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. मेलो! एम.ए. राहिलं बाजूला, मी सत्तरीतल्या जोडप्याचा संसार मोडायला निघालो होतो.

"वाचनालयातच होतो," सासरे पुटपुटले. "खोली रिकामी असायची. टेबलावर पाय टाकून रहस्यकथा वाचायचो."

"एवढंच?"

"थोडा झोपायचोही."

सावरासावर करायला मी घाईघाईनं ते पत्र पुढे केलं. "पण सभासदांची मागणी तरी खरी होती ना!"

सासूबाईंनी चष्मा लावला. "जावईबापू, हे पत्र माझं आहे. महिन्यातून एकच दुपार हे घराबाहेर असायचे. मला पुरायची नाही."

"तू लिहिलंस?" सासरे ओरडले.

"हो. आणि तळमळ अगदी खरी होती हो!"

दोघं एकमेकांकडे बघून असे हसत सुटले, की मला हायसं वाटलं आणि रागही आला. माझ्या दोन्ही भक्कम पुराव्यांनी मिळून मला गंडवलं होतं!

पण मी हटलो नाही. पाच दिवसांत सगळा प्रबंध पुन्हा लिहिला: खोटे कागद कोण लिहितं आणि का. मॅडम वाचताना चक्क हसल्या. "आता तुम्हाला साधनं वाचता यायला लागली," म्हणाल्या आणि सही ठोकली.

घरी येऊन सांगितलं. बायकोला एवढा आनंद झालेला मी लग्नातही पाहिला नव्हता!

"आता थांबायचं नाही हं," ती म्हणाली. "पीएच.डी.ला सात-आठ वर्षं तरी लागतात ना? आणि बसावं लागतं तेही ग्रंथालयातच?"

विचार करून सांगतो म्हटलं, तर तिनं पर्समधून फॉर्म काढला. भरलेला! मी मुकाट्यानं सही केली.